अंबादास ब्लूटूथला हो म्हणतो

आमच्या शेजारच्या अंबादास गड्डमने आपल्या सख्ख्या मेव्हण्याला 'एम' दिलेला आहे. मेव्हण्याला हे ठाऊक आहे. तो वाईट वाटून घेत नाही, कारण त्याच्या थोरल्या भावाला 'एन' मिळालेला आहे.

या अक्षरांचा अर्थ अंबादासच्याच शब्दांत सांगतो. "वाय म्हंजे घरात घेतला. एन म्हंजे दार लावलं. आन् एम म्हंजे माळ्यावर ठिवला. लागंल तवा खाली काडायचा, काम झालं की पुन्ना माळ्यावर."

जगातल्या यच्चयावत वस्तूंची आणि माणसांची तो या तीन अक्षरांत वाटणी करतो. फ्रिज वाय. डायनिंग टेबल एन. पाहुण्यांच्या कपबश्या एम. गल्लीच्या गणेश मंडळाला वर्षभर एन, आणि मूर्ती आल्यापासून दहा दिवस वाय. मला त्याने काय दिलं आहे, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला मला तोंड नव्हतं. ते का नव्हतं, हे सांगण्यासाठीच खरं तर मी लिहायला बसलो आहे, पण आधी अंबादास नीट कळला पाहिजे.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. लहानपणी आम्ही एका विटीने खेळलो, पण मी बी.एड. झालो त्या दिवसापासून तो मला 'सर' आणि 'तुमी' म्हणतो. माझं 'अरे अंबादास' तसंच राहिलं. या असमानतेची मला अधूनमधून लाज वाटते. मला बऱ्याच गोष्टींची वाटते.

त्याचा धंदा चादरीवरच्या नक्षीचा. मागावर मोर उमटायचा असेल तर जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना हिशेबाने भोकं पाडावी लागतात. भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली. अंबादासचे वडील हे काम हाताने करायचे आणि तोही तेच शिकला. ऐन तरुणपणी त्याच्या हातून एकदा काही भोकं जास्तीची पडली आणि चादरींच्या एका अख्ख्या लॉटमधल्या प्रत्येक मोराला मिशी आली. ती मिशी आयुष्यभर त्याच्या मागे लागली. "सर, कमी पडलेलं भोक पाडता येतंय की. पडलेलं कसं बुजवायचं?" असं तो अजून म्हणतो, आणि बोलताना आपल्या ओठावरून हात फिरवतो.

पुढे नक्षी कॉम्प्युटरवर आली. पुठ्ठे पाडणारं यंत्र त्याने जुनं घेतलं, कॉम्प्युटर त्याहून जुना घेतला, आणि या दोन म्हाताऱ्यांचं एकमेकांशी बोलणं व्हावं म्हणून तो लिनक्स नावाच्या, फुकट मिळणाऱ्या आणि हवी तशी बदलता येणाऱ्या प्रणालीच्या नादी लागला. कॉम्प्युटरच्या पोटात सगळा कारभार पाहणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकीचं जग तो तयार घेतं. अंबादास स्वतः बांधतो. "आमच्या ह्यांचा कर्नल दोन दिवस झाले उठंना," असं लक्ष्मीवहिनींनी नळावर सांगितलं, तेव्हा गड्डमांच्या नात्यात लष्करातलं कोण आजारी आहे, यावर बायकांनी बरीच चर्चा केली होती.

कर्नल बांधण्याआधी कॉम्प्युटर तुम्हाला प्रश्न विचारतो. हे हवं का? ते हवं का? असे हजारो. उत्तर तीनच प्रकारचं: वाय, एन किंवा एम. जाणकार लोक जुनी उत्तरं तशीच ठेवून पुढे जातात. अंबादास प्रत्येक प्रश्नाला मान देतो. आंघोळ करून, गंध लावून बसतो. 'तुमच्याकडे जॉयस्टिक आहे का?' असं आलं, की उठून घरात एक चक्कर टाकतो.

"अरे, नाहीये ना तुझ्याकडे. माहीत आहे ना तुला?"

"सर, एवढं इचारायलंय म्हंजे बगाय नगो?"

प्रत्येक प्रश्नाखाली थोडी मदत लिहिलेली असते आणि पुष्कळदा तिच्या शेवटी एक वाक्य असतं, की शंका असेल तर नाही म्हणा. अंबादासला हे वाक्य सापडलं, तेव्हा माणसाला गुरू भेटावा तसं झालं. त्याने ते जसंच्या तसं संसारात आणलं. नव्या हॉटेलातला डोसा? शंका हाय, एन. मुदतीची योजना? एन. मी त्याला शाळेच्या सहलीबरोबर तुळजापूर-नळदुर्ग चल म्हणालो, तर "बसमदी पोरं किती?" विचारलं आणि एन. त्याच्याकडे साधा बटनांचा फोन आहे, कारण मोठ्या फोनला 'कुटं हाय, कुटं न्हाय ते सगळं पयल्यापास्नंच वाय आस्तंय.' ब्लूटूथचं तर त्याच्यापुढे नावच काढायचं नाही. "दहा मीटरवर कोन बी उबा राहून हात घालनार. भिंत कशाला बांदली मग?"

एकाच बाबतीत त्याने शंका असून वाय म्हटलं. त्याची मुलगी सुजाता. तिच्यासाठी आलेल्या चौदा स्थळांना त्याने ओळीने एन दिला. पंधरावं हैदराबादचं. मुलगा बरा, पण घर मोठं, माणसं फार, सासूचा आवाज त्याहून मोठा. अंबादासला मनातून शंका होती. पण सुजाता म्हणाली, "नाना, मला आवडलाय," आणि नानांनी वाय दिला. तिची गाडी सुटल्यावर स्टेशनावरून परत येताना तो मला एवढंच म्हणाला, "मदत वाचली न्हाय ह्या टायमाला."

आता लक्ष्मीवहिनींविषयी. त्या विड्या वळतात. सकाळी कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायचं, मागच्या खोलीत सूप मांडीवर घेऊन बसायचं, दिवसभर कात्री आणि बोटं चालू. हाताला तंबाखू, त्यामुळे फोन हातात घेणं नाही. आणि सुजाताला तरी फोनवर कुठे बोलता येत होतं? त्या घरात प्रत्येक खोलीत कोणीतरी बसलेलं. मग तिने तोड काढली. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, की ती आपल्या फोनमध्ये आईसाठी बोलून ठेवायची आणि ते बापाच्या ईमेलवर पाठवायची. दहा-पंधरा मिनिटांचं बोलणं, आठवड्यातून दोनदा. अंबादास पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ते लावायचा. वहिनींना मागच्या खोलीत ऐकू गेलं पाहिजे, म्हणून आवाज पूर्ण सोडायचा.

मागच्या खोलीपर्यंत जाणारा आवाज भिंतीलाही चुकवत नाही.

गड्डमांच्या घरची भाषा तेलुगू. मला ती बोलता येत नाही, पण जन्म या गल्लीत गेल्यामुळे समजतं सगळं. सोलापुरात हा फार धोक्याचा प्रकार आहे. तुम्ही न बोलल्यामुळे लोक निर्धास्त असतात आणि समजत असल्यामुळे तुम्ही ऐकत असता. सुजाताच्या सासूने लोणच्याची बरणी कपाटात कुलपात ठेवली, हे मला कळलं. नणंदेला ती 'सीसीटीव्ही' म्हणते, हे कळलं. ती नक्कल इतकी छान करायची, की भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे वहिनी, असे एकाच वेळी हसायचो. माझी बायको सुनंदा मला म्हणायची, "लाज वाटते का?" वाटत होती. पण खुर्ची मी भिंतीपासून हलवली नाही.

आणि एके दिवशी कळलं, की सुजाता आणि तिचा नवरा वेगळं घर पाहत आहेत. सासूला अजून पत्ता नाही. "अम्मा, कोणाला बोलू नको हं," असं ती दोनदा म्हणाली. मी दोन्ही वेळा ऐकलं.

त्यानंतरच्या रविवारी एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारचे गृहस्थ हैदराबादचे. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि खरं सांगायचं तर आपल्याला आतली बातमी असते हे दाखवायचं म्हणून, मी म्हणालो, "आमच्या गल्लीची सुजाता तिकडेच दिलीये. आता वेगळं घर करतायत म्हणे." गृहस्थांचा हात बुंदीवरच थांबला. ते सुजाताच्या सासूचे मावसभाऊ निघाले.

बातमी त्यांच्या बसच्या आधी हैदराबादला पोचली. तिथे काय झालं ते मला कळलं नाही, कारण त्यानंतर कळायचंच बंद झालं. सुजाताचं बोलणं येत राहिलं, पण अर्ध्या मिनिटाचं. "अम्मा, मी बरी आहे. जेवलीस का? आज वांगी केली होती. ठेवते." पुढच्या वेळी वांग्याच्या जागी दोडका. पलीकडून हसू येईना. नुसती कात्री.

अंबादासने हे आपल्या पद्धतीने मोजलं होतं. तो मला फाईलचा आकार दाखवायचा. "बगा, आदी बारा एमबीची यायची. आता अर्द्या एमबीची. पोरगी आटायलीय, सर." मी मान हलवायचो. मी केलं, असं त्या वेळी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "थंडी आहे ना, घसा बसला असेल."

बातमी कोणीही फोडलेली असो, आवाज गल्लीभर जातो हे त्याला पटलं होतं. पहिला उपाय म्हणून त्याने कॉम्प्युटरपासून मागच्या खोलीपर्यंत लांब वायर टाकून वहिनींच्या कानाला हेडफोन लावला. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी दार वाजवलं, वहिनी हेडफोनसकट उठल्या, सूप पालथं झालं आणि दिवसभराच्या विड्या मोरीपर्यंत गेल्या. वायरला त्याच संध्याकाळी एन मिळाला.

तेव्हा मी एक गोष्ट केली. नवी पेठेत जाऊन गळ्यात घालायचा बिनवायरचा हेडफोन आणला आणि त्याबरोबर कॉम्प्युटरला मागे खोचायचं नखाएवढं ब्लूटूथचं बोंड आणलं. चांगुलपणा म्हणून नव्हे. मला झोप लागत नव्हती. अंबादासने दोन्ही वस्तू उलट्यासुलट्या पाहिल्या.

"सर, माज्या कर्नलमदी ब्लूटूथ न्हाय. पयल्यापास्नं एन हाय."

"मग आता वाय कर."

"दहा मीटर जातंय ते. तुमच्या घरापत्तूर."

मी भिंतीकडे पाहिलं. त्यानेही भिंतीकडे पाहिलं. मग वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, लेकरू वांगी-दोडका सांगायलंय मला. तुमचं ते एन घाला चुलीत!"

अंबादास उठला, हातपाय धुतले आणि गंध लावलं.

पुढचे आठ दिवस त्याने जे सोसलं, ते मी येता-जाता पाहिलं. प्रश्नांच्या यादीत ब्लूटूथ सापडेच ना. ते ज्या भाऊबंदांवर अवलंबून असतं, त्यातल्याच एकाला याने कधीकाळी एन दिलेला, त्यामुळे ब्लूटूथने तोंडच दाखवलं नाही. त्याला वाय म्हटल्यावर हे दिसलं. मग आवाजाचा प्रश्न, बोंड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, म्हणजे ड्रायव्हरचा प्रश्न. "एका पावण्याला या म्हनलं तर सगळं वऱ्हाड यायलंय, सर!" प्रत्येक हो म्हणताना त्याला मिशीवाला मोर दिसत असावा. ओठावरून हात फिरवून मगच तो बटन दाबायचा.

सगळ्यांना त्याने वाय दिला. एकालाही एम नाही. कर्नल बांधायला त्या म्हाताऱ्या मशीनला अख्खा दिवस लागला. कॉम्प्युटर सुरू झाला आणि बोंड मेल्यासारखं पडून राहिलं. पुन्हा बांधला. पुन्हा मेलं. तिसऱ्या वेळी मी भीतभीत म्हणालो, "त्या ड्रायव्हरला एम करून बघायचं का?"

तो एकदम चिडला. "माज्या पोरीचा आवाज यायचाय त्यातनं. त्येला माळ्यावर ठिवू?"

चौथ्या वेळी त्याने स्क्रीनवरची ओळ मला वाचून दाखवली. बोंडाला जागं करायला एक छोटी फाईल लागते. ती फाईल डिस्कवर आहे. ड्रायव्हर कर्नलच्या आतच असल्यामुळे सगळ्यांच्या आधी उठतो, फाईल मागतो आणि फाईल नाही म्हणून गप्प बसतो. "आन् फाईल तर हाय की हितं! मी सवता ठिवलीय!"

वहिनी पानं कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कारखाना उगडायच्या आदी जाऊन उबं राहिलं तर पान कोन देणार? मी नऊला जाती, मला मिळतंय. पयली गेलेली भीमाबाई बसती पायरीवर, मग चिडून रिकामी घरी येती."

अंबादासने स्क्रीनवरची ओळ पुन्हा वाचली. कर्नल उठतो तेव्हा डिस्क अजून उघडलेलीच नसते. सगळ्यात आधी हजर राहणारा ड्रायव्हर म्हणजे भीमाबाई. तो मागाहून जायला हवा.

"एम," तो म्हणाला. "सर, एम पायजे हुता ह्येला." आणि मग माझ्याकडे न बघता, "लई आदी आत घेतलं की बी काम व्हत न्हाय म्हना."

त्या संध्याकाळी बोंडाचा निळा दिवा लागला आणि लक्ष्मीवहिनींच्या गळ्यातल्या हेडफोनमध्ये व्यंकटेशाचं भजन वाजलं. त्या दचकून "अय्यो!" म्हणाल्या आणि विडी तिरकी वळली गेली.

पण अंबादास एवढ्यावर थांबणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो माझ्या दारात. "सर, तपासनी करायचीय. तुमी भिंतीपल्याड बसा, कान लावा. मी आत भजन लावतो. कायबी ऐकू आलं तर सांगा."

"मीच का?"

"पानी कुटनं गळतंय ते बगाय गळतीपाशीच मानूस बसवाय लागतंय की."

सुनंदा भाजी घेऊन आली, तेव्हा मी भरदिवसा भिंतीला कान लावून उभा होतो. तिने कपाळावर हात मारला. "आज परवानगी आहे," मी म्हणालो. भिंतीतून अंबादासचा आवाज आला, "ऐकू आलं का?" तेवढंच ऐकू आलं.

मी पलीकडे गेलो. तो आपल्या वहीत 'गळती न्हाई' असं लिहीत होता. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. ती पंगत, तो मावसभाऊ, ती बुंदी, सगळं मी त्याला सांगून टाकलं. शाळेतल्या पोरांसारखे माझे हात मागे बांधले गेले होते.

"ठाऊक हाय," अंबादास म्हणाला. "तुमच्या मागच्या वळीत माजा मेव्हना जेवत हुता."

"मग बोलला का नाहीस? इतके दिवस!"

"बोल्लो आस्तो तर तुमी खुर्ची हलवली आस्ती. मग तपासाय मानूस कुटनं आनू?" तो हसला. मग हसू पुसून म्हणाला, "तुमी बोलला ते चूकच. पर भोंगा तर मी लावला हुता, सर. घरातली गोष्ट भोंग्यावर."

त्याच दिवशी त्याने सुजाताला एका ओळीचं ईमेल केलं: आता फक्त अम्मा ऐकते, नानापण नाही.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी वांगी आली. अंबादासने आकार पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, एकदा उडालेला विश्वास दहा मीटरवरून परत येत नाही. त्या आठवड्यात मी वर्गात दोन मुलांना विनाकारण माफ केलं.

रविवारी दुपारी त्याने मला हाक मारली. तो घराबाहेर पायरीवर बसला होता.

"आली," तो म्हणाला. "सोळा एमबी."

"लावलीस?"

"लावली आन् भाईर आलो. लिवलं हुतं न्हवं तिला, नानापन न्हाई म्हून."

मी त्याच्याशेजारी बसलो. आतून कात्रीचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तो थांबला. त्याच्यानंतर जे झालं, त्याचा विचार कर्नल बांधणाऱ्यानेही केला नव्हता आणि तपासनीसानेही. कानात हेडफोन घातलेल्या माणसाला आपण किती जोरात बोलतो हे कळत नाही. लक्ष्मीवहिनी लेकीला उत्तरं देऊ लागल्या.

"अवुना?" त्या आतून ओरडल्या. म्हणजे, हो का? मग, "अय्यो, अय्यो!" आणि मग गल्लीच्या टोकाला जाईल अशा आवाजात, "मग तो काय म्हणाला?"

अंबादास ताडकन उठला, पुन्हा बसला. आत जाऊन सांगावं तर त्याला ऐकू येणार. बाहेर बसावं तर अर्धं ऐकू येतंच आहे. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मला म्हणाला, "सर, कायतरी बोला. जोरात बोला."

"काय बोलू?"

"वर्गात बोलता ते. भूगोल सांगा."

मी भर दुपारी, भवानी पेठेत, वर्गातल्या आवाजात भीमेच्या उपनद्या सांगू लागलो. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला पाय टेकून थांबला. नीरा, माण, सीना, सीनेला मिळणारी भोगावती. आतून वहिनी काहीतरी बोलल्या, ते मी इंद्रायणीच्या उगमाखाली दाबून टाकलं. त्यांना रडू आलं असावं, ते मी उजनीच्या धरणात अडवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी समजत असूनही ऐकलं नाही.

भीमा संपली. माझा घसा बसला होता. मी क्षणभर थांबलो आणि नेमकं त्याच क्षणी आत लक्ष्मीवहिनी हसल्या. सुजाताने नणंदेची नक्कल केली असावी, इतकं मोठ्याने.

अंबादासचे हात कानांवर होते, पण बोटं थोडी फाकली होती. त्याने ती घाईघाईने मिटली आणि मान खाली घातली.

"थांबू नगा, सर," तो म्हणाला. "कृष्णा घ्या."